शिट्टीवरची काजळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. आता मला कोणी वाजवत नाही. सिडनीच्या गिरावीन भागात, एका विटांच्या बैठ्या घरात, खिडकीजवळच्या फळीवर मी असते. माझ्या अंगावर काळा थर आहे. पाहुणे मला उचलून हमखास म्हणतात, "जरा घासा की हिला, सोन्यासारखी दिसेल." एकदा तसं घासून झालंय. त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापला, वाकवला, डाख दिला, पोटात बुचाची इवलीशी गोळी सोडली, आणि मी आयर्लंडला रवाना झाले. तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं, जसं तुमच्या पणजोबांच्या गावी होतं तसंच. दक्षिणेकडच्या कॉर्क परगण्यात एका पोलीस शिपायाच्या छातीवर मी रोज चकाकत असे.

मग गावोगावची पोरं राज्याविरुद्ध उठली. दिवसा बटाटे खणायची, अंधार पडला की बंदूक काढायची. हल्ला करून डोंगरात पसार व्हायची आणि कोणाच्या तरी गोठ्यात झोपायची. माझा शिपाई त्याच मातीतला, शेतकऱ्याचा मुलगा. आपल्याच शेजाऱ्यांवर पहारा ठेवणं त्याला जमेना. एक दिवस त्याने गणवेश उतरवला आणि मला शेजारच्या डिनीच्या हातात ठेवलं. "मला नको आता. तुला लागेल," एवढंच म्हणाला.

डिनीला अजून नीट मिशीही फुटली नव्हती. त्याच्या टोळीत माझ्याकडे मोठं काम आलं. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे सुरू करा, एक लांब म्हणजे मागे फिरा. पोरांचा जीव माझ्या आवाजावर होता.

पहिल्या मोठ्या हल्ल्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी डिनीची आई पाव मळत होती. माझ्याकडे तिची नजर गेली.

"हे काय, आरसा घालून चाललास छातीवर? उन्हात मैलावरून दिसशील."

तिने चुलीच्या धुराड्यात हात घातला, काजळी काढली, हंसाच्या चरबीत कालवली आणि अंगठ्याने माझ्या अंगाला फासली.

"आई, घाण करतेस तू."

"गप उभा राहा."

त्याला जाऊ नको म्हणून तिने कितीदा तरी सांगून पाहिलं होतं. त्या संध्याकाळी ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. फक्त साखळी अडकवायच्या कडीच्या खाचेसकट माझा कोपरान् कोपरा काळा केला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. पोरं दगडी बांधाआड पालथी पडून होती. मी चमकले नाही. लष्कराच्या गाड्या वळणावर आल्या, मी दोनदा वाजले, आणि पुढे जे झालं ते फार भराभर झालं. दोन्हीकडची माणसं पडली. रस्त्यावर एक इंग्रज शिपाई आईला हाका मारत होता, डिनीच्याच वयाचा. डिनीने लांब शिट्टी फुंकली, पोरं पांगली, पण त्याचं लक्ष मागेच होतं. ती हाक त्याच्या कानातून कधीच गेली नाही.

पुढे इंग्रज गेले, आणि कालपर्यंत एका ताटात जेवणारी पोरं दोन बाजूंना होऊन एकमेकांवर उठली. ते डिनीला सोसलं नाही. तो मला खिशात घालून बोटीत बसला आणि सिडनीला आला. इथे रेल्वेच्या कारखान्यात लागला, उशिरा लग्न केलं, त्याला मॉरीन नावाची मुलगी झाली. आई मात्र तिकडेच राहिली. तिची पुन्हा भेट झाली नाही. तिचा फोटो नव्हता. मी होते. माझ्यावरच्या काळ्या थरात, पोटाच्या बाजूला, तिच्या अंगठ्याच्या रेषा होत्या.

रविवारी डिनीच्या व्हरांड्यात तिकडचे चार म्हातारे चहाला जमत. तो हल्ला त्यांनी गप्पांत पुन्हा किती वेळा केला असेल, देव जाणे.

"तीन गाड्या होत्या," एक म्हणायचा.

"दोन रे. तिसरी तुझ्या दुसऱ्या ग्लासानंतर आली."

"तू कुठे होतास बघायला? तू तर शेळीच्या मागे लपला होतास."

"शेळी शहाणी होती. तिनेच मला जागा दाखवली."

डिनी नुसता हसायचा. आपला हल्ला, त्या हाकेसकट, त्याने फक्त मॉरीनला सांगितला. कोणी मला वाजवायला मागितलं, तर मला खिशात टाकायचा. एकेक करून ते म्हातारे गेले, मग डिनीही गेला. मी बिस्किटांच्या डब्यात पडले, सुया आणि तुटकी बटणं यांच्या संगतीत. बरीच वर्षं तशीच गेली.

आता मयूराकडे येते. मॉरीन म्हातारी झाली, तेव्हा कुंपणापलीकडच्या घरात पुण्याहून आलेलं एक कुटुंब राहायला आलं. विनय आयटीत, मयूरा एका प्रयोगशाळेत अर्धवेळ, आणि त्यांची सहा वर्षांची उर्वी. मयूराची नजर घारीची. गेटची कडी लागली का, उर्वीने टोपी घातली का, खेळण्यातला लहान तुकडा तोंडात गेला नाही ना. शाळेत जाताना ती उर्वीच्या कानामागे काजळाचा ठिपका लावायची. विनय चिडवायचा, "मयू, इथे कोणाची दृष्ट लागणार आहे? शेजारी तर मॉरीन आहे, तिला चष्म्याशिवाय दिसत नाही."

सगळ्या जगावर संशय घेणारी मयूरा मॉरीनपाशी मात्र उर्वीला निर्धास्त सोडत असे. घरच्यांपासून इतक्या दूर तिला मिळालेलं ते एकच माणूस होतं. मॉरीनने माझा डबा उघडला, की उर्वी तिच्या मांडीला टेकून बसायची.

एकदा मॉरीन सांगू लागली, "माझे वडील बंदूक घेऊन..."

"मॉरीन, प्लीज," मयूरा उठलीच. "तिच्यासमोर बंदुकांचं नको. ती झोपेत दचकते."

"नो वरीज, लव्ह," मॉरीन म्हणाली. त्यानंतर तिने मयूराला काही सांगितलं नाही. उर्वीला सांगितलं ते फक्त बंदूक नसलेलं. पाव मळणारी आई, धुराडं आणि अंगठा.

आणि विनय? त्याने कुठूनतरी त्या लढाईबद्दल ऐकलं आणि खूश झाला. "अगं, हा तर आपला गनिमी कावा. तोच डोंगर, तोच बांध." मयूरा म्हणाली, "कावा राहू दे. कचरा बाहेर ठेव."

मग सप्टेंबरात मॉरीन खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली. जाताना तिने मला मयूराच्या हातात दिलं. "घर रिकामं असणार. तू माझ्यापेक्षा जास्त काळजी करतेस, म्हणून तुझ्याकडे." मयूराने मला देव्हाऱ्याच्या खणात रुमालात गुंडाळून ठेवलं. रोज एकदा खण उघडून बघायची.

तेवढ्यात खंडेनवमी आली. तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी ज्या हत्याराने आपण काम करतो त्याची पूजा करतात. हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून झेंडू आले. पाटावर विनयचा लॅपटॉप, ड्रिल मशीन, उर्वीचे रंगखडू, विळी, मिक्सरचं भांडं असं सगळं मांडायचं होतं. सकाळी मयूरा देवाची भांडी घासत बसली. चिंच, मीठ, कोमट पाणी. समई उजळली, ताम्हण उजळलं, घंटी उजळली. मग तिला मी आठवले. बिचाऱ्या मॉरीनचे हात थरथरतात, तिला घासणं होत नसेल, आपण लख्ख करून देऊ, बरी होऊन घरी येईल तेव्हा किती आनंद होईल. मित्रांनो, तिच्या मनात एवढंच होतं, माझी खात्री आहे. आईचा हात चांगला ओळखते मी.

चिंच अंगाला लागली. शंभर वर्षांचा काळा थर विरघळून मोरीत गेला. अंगठ्याच्या रेषा आधी गेल्या. मी पाटावर झेंडूशेजारी बसले, कपाळाला कुंकू लावून, कारखान्यातून निघाल्यावर चमकले असेन तेवढी चमकत.

उर्वी नैवेद्याला आली आणि थबकली.

"आई, ते डर्ट नव्हतं."

"काय?"

"दॅट वॉज हिज मम. तिचा थंब होता तिथे. मॉरीन आजी कधीच पुसत नाही. शी सेज इट्स द ओन्ली फोटो."

मग तिने पाव, धुराडं, हंसाची चरबी, सगळं सांगितलं. मयूराच्या हातातली उदबत्ती तशीच जळत राहिली.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणतेस ना, त्या स्टोरीज नको."

विनयने मला उलटंसुलटं करून पाहिलं. "बूट पॉलिश आहे माझं. हलक्या हाताने लावू, तिला कळणार पण नाही. म्हातारं माणूस, ऑपरेशन झालेलं, कशाला त्रास?"

मयूराने डबी उघडली, फडकं बुडवलं. फडकं माझ्यापर्यंत आणलंही. समोर उर्वी उभी राहून बघत होती. मयूराने झाकण लावलं.

मॉरीन घरी आल्यावर मयूरा मला घेऊन गेली. रुमाल उघडला आणि म्हणाली, "मी घासली. मला माहीत नव्हतं. मी ऐकलंच नव्हतं ना."

मॉरीनने मला खिडकीच्या उजेडात धरलं. पोटावरून अंगठा फिरवला. जिथे ती नेहमी आपला अंगठा आजीच्या अंगठ्यावर ठेवायची, तिथे आता नुसतं गुळगुळीत पितळ होतं.

"गेली म्हणायची म्हातारी," ती म्हणाली. मग, "तू आता जा, लव्ह. मी जरा पडते."

त्यानंतर कितीतरी दिवस तिचा पडदा सरकला नाही. मयूरा सूप करून दाराशी ठेवायची. डबा रिकामा परत यायचा, कधी धुतलेला, कधी न धुतलेला. उर्वी विचारायची, "मॉरीन आजी आपल्यावर मॅड आहे का?" मयूरा म्हणायची, "दुखतंय तिला." कुठे, ते सांगायची नाही.

एका दुपारी मॉरीनच्या वॉकरचा खडखडाट कुंपणाशी थांबला. मयूरा कपडे वाळत घालत होती.

"मुलीच्या कानामागे काळं लावतेस ना," मॉरीनने विचारलं, "ते कशाचं असतं?"

"दिव्याची काजळी. तुपात कालवून."

"दुकानातून आणतेस?"

"घरीच करते. आईने शिकवलं."

मॉरीनने वॉकर घराकडे वळवला. "मग दिवा घेऊन ये. आणि मुलीलाही आण."

मॉरीनच्या टेबलावर मयूराने तुपाचं निरांजन लावलं, वर तांब्याची थाळी उपडी धरली. हळूहळू काळी साय धरली. तिने ती खरवडून तुपात कालवली आणि वाटी मॉरीनपुढे सरकवली.

"तुम्ही लावा."

"मी नाही. मला पोर नाही, मी कोणाला कधी घराबाहेर पाठवलं नाही. तू रोज पाठवतेस. तू लाव." मॉरीनने वाटी हुंगली. "हंसाची चरबी नाही, पण वास बरा आहे. आणि लावताना मी सांगणार आहे. सगळं. बंदुकांसकट."

मयूराने उर्वीकडे पाहिलं. बाहेर खेळायला जा, हे शब्द तिच्या ओठांवर आलेले मी पाहिले. तिने ते गिळले आणि उर्वीला जवळ ओढून बसवलं.

मॉरीनने सांगितलं. बांध, वळण, गाड्या (तीन की दोन ते अजूनही ठरलेलं नाही), शेळी. रस्त्यावरच्या शिपायाची हाक आली, तेव्हा मयूराचा अंगठा माझ्यावर थांबला.

"त्याला पण आई होती?" उर्वीने विचारलं.

"होती," मयूरा म्हणाली, आणि पुन्हा हळूहळू काळं लावू लागली.

कडीच्या खाचेत चिंच पोचली नव्हती. तिथे डिनीच्या आईने लावलेलं थोडं काळं अजून आहे. मॉरीनने ते भिंगाने शोधून काढलं, आणि कितीतरी वेळ ते भिंग खाली ठेवलं नाही. पोटावर आता मयूराच्या अंगठ्याच्या रेषा आहेत. जुन्या गेल्या त्या गेल्याच. मॉरीन तसं म्हणतेही, तोंडावर. पण संध्याकाळी मला हातात घेते, तेव्हा आपला अंगठा या नव्या रेषांवर ठेवते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना धूळ खात टाकू नका, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं थोडं वेगळं आहे. आम्हाला घासायला घ्याल, तेव्हा आधी आमच्या माणसाला विचारा, हे काळं कशाचं आहे. आणि ते माणूस सांगू लागलं, की उठून जाऊ नका.

परवा उर्वीने मला हाताळलं आणि बोटं शाळेच्या फ्रॉकला पुसली. मयूराने फ्रॉक धुतला. डाग पुरता गेला नाही. तिने तो पुन्हा घासला नाही, तसाच वाळत घातला.