टाच आत होती

मेंदीच्या कुंपणाला चांगदेवने कातर लावली तसा कपाळावरच्या टाक्यांतून ठणका उठला आणि डाव्या डोळ्यापर्यंत उतरला. तो थांबला नाही. आठ टाके पडले होते. आठवडाभर उन्हात जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण खोलीत पडून राहिलं की डोळ्यांपुढे तेच मैदान यायचं. तीन दिवस कसेबसे काढून बुधवारी तो कंपनीच्या वसाहतीतल्या बागेत कामावर हजर झाला होता.

पलीकडे झेंडूच्या वाफ्यात सगुणा आणि कमळ खुरपी बाजूला टाकून मोबाइलवर वाकल्या होत्या. रविवारच्या कबड्डी सामन्यातल्या मारामारीचा व्हिडिओ होता, चांगदेव खाली पडल्यानंतरचा. उरणपासून पेणपर्यंत तो सगळ्यांनी पाहिला होता.

"हा बघ, ह्याच्या डोळ्यात गेली काठी," सगुणा म्हणाली. "पेणकडच्या पोरीचा भाऊ. डोळा काढावा लागला."

"एका गुणापायी," कमळ म्हणाली.

"तू नि मी वाफा खुरपायला बसलो, तरी तू माझ्या वाफ्याकडं बघत हात चालवतेस."

"मी न्हाय बघत."

"बघतेस. मीपण बघते."

"बघत असेन. म्हणून काय तुझ्या डोळ्यात खुरपं घालीन?"

सगुणाने मोबाइल खाली ठेवला. "बाजूला चारशे माणूस ओरडायला असतं, तर घातलं असतंस. मीपण घातलं असतं."

चांगदेवच्या कातरीची लय चुकली आणि कुंपणाच्या सरळ माथ्यावर एक खड्डा पडला.

"चांगदेवभाऊ, हवालदार आज येतो ना जबाब घ्यायला?" कमळने विचारलं.

"तीन वाजता म्हणालाय."

"डोक्यात खुर्ची कुणी घातली ते सांगून टाका. आज डोक्यावर निभावलं, उद्या जीव घेतील."

त्याने कातर पुन्हा कुंपणाला लावली. खुर्ची कुणी घातली ते त्याने पाहिलं होतं.

चांगदेव मूळचा तळा गावचा. वीस वर्षांपूर्वी कामासाठी उरणला आला आणि इथेच राहिला. आठवडाभर तो माळी असे आणि रविवारी कबड्डीचा पंच. पंचाची परीक्षा त्याने रीतसर दिली होती. पांढरी पँट नि शर्ट तो स्वतः धुवायचा, बायकोला हात लावू द्यायचा नाही. इथल्या गावांत त्याचं ना कुणी भाऊ ना भावकी, म्हणून सगळी गावं त्यालाच बोलवायची. चांगदेवने हात वर केला की वाद संपला, असं लोक म्हणत. ते ऐकून तो वरवर काही दाखवत नसे, पण त्या एका वाक्यावर तो आठवडाभर जगायचा.

त्याच बागेत शेवरखार गावचा दादूही माळी होता. अकरा वर्षं दोघांनी एकाच झाडाखाली बसून डबा खाल्ला होता. गुलाब कुणाचे मोठे, हिरवळ कुणाची दाट, कुणाच्या भाकरीला पापुद्रा चांगला, कशातही दादूला पुढे असायचं असे. त्याचं ते उघड होतं. हरला तरी मोठ्याने हसायचा. चांगदेवचं तसं नव्हतं. तो हरला की गप्प बसायचा आणि ते लक्षात ठेवायचा.

दादूची मुलगी मृणाली शेवरखारच्या मुलींच्या संघाची कप्तान होती. चढाईला गेली की रिकाम्या हाताने परतायची नाही. चांगदेवचा मुलगा प्रज्योतही खेळायचा. जिल्ह्याच्या शिबिरात एक वर्ष काढून तो परत आला आणि त्याने खेळ सोडला. आता तो बंदराच्या गोदामात माल मोजतो आणि बापाशी कामापुरतं बोलतो.

शनिवारी डबा खाताना दादू म्हणाला होता, "उद्या फायनलला पंच म्हणून तूच. बघ माझ्या पोरीला डोळं भरून. तुझ्या पोरासारखी मधीच सोडणारी न्हाय ती."

सगुणा, कमळ सगळ्या हसल्या. चांगदेवही हसला. मात्र तोंडातला घास गिळायला त्याला पाणी प्यावं लागलं.

रविवारी चार वाजता शेवरखारच्या मैदानावर अंतिम सामना लागला. समोर पेणकडचा संघ होता. दोन्हीकडे सारखेच गुण झाले आणि शेवटची चढाई मृणालीच्या वाट्याला आली. चांगदेव बाजूच्या रेषेवर उभा होता. ती त्याच्याच अंगाने आत घुसली, कोपऱ्यातल्या मुलीला हूल देऊन वळली, रेषेला घासून मागे सरली. कुणाला हात लागायच्या आधी पाय रेषेवर पडला की चढाई करणारी बाद. एवढंच त्याला पाहायचं होतं. तिची डावी टाच रेषेच्या दोन बोटं आत टेकली. ते त्याला स्वच्छ दिसलं. मग तिने झेप घेऊन कोपऱ्यातल्या मुलीच्या खांद्याला हात लावला आणि ती मध्यरेषेकडे सुटली.

त्याच क्षणी त्याची नजर गर्दीकडे गेली. दादू उभा राहत होता. त्याचे दोन्ही हात वर जायला लागले होते, तोंड हसण्यासाठी उघडलं होतं.

चांगदेवने शिट्टी वाजवली. हात वर केला. बाद.

 मृणाली मध्यरेषेपलीकडे उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, रेषेकडे पाहिलं. मग गर्दीतून आरोळी उठली, आणि ती गुणलेखकाच्या टेबलाकडे धावली. तिने लोखंडी खुर्ची उचलली. चांगदेवला ती येताना दिसत होती, पण पाय हलले नाहीत. खुर्चीची कड कपाळावर बसली तेव्हा कडकन आवाज झाला, आणि तो आपल्याच डोक्याचा आहे हे त्याला खाली पडल्यावर कळलं.

नंतरचं त्याने जमिनीवरून पाहिलं. मांडवाचे बांबू उपसले गेले. पेणकडच्या जीपच्या काचा फुटल्या. एका म्हाताऱ्याला दोघांनी पायाला धरून फरफटवलं. कुणीतरी कुणाच्या तरी बरगडीवर गुडघा ठेवून बसला होता आणि ठोसे मोजल्यासारखे मारत होता. चुन्याच्या रेषेवर रक्त सांडून गुलाबी चिखल झाला. आणि तो पोरगा, पेणकडचा, दोन्ही हातांनी डोळा दाबून आईला हाका मारत गोल गोल फिरत होता. त्या हाका चांगदेवच्या कानातून अजून गेल्या नव्हत्या.

बुधवारी दुपारी बाराच्या सुमाराला दादू बागेत आला. रविवारनंतर प्रथमच. माडाच्या सुकलेल्या झावळ्या तोडायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून हातात कोयता होता. तो चांगदेवच्या समोर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"पोरीनं मला सांगितलंय," तो म्हणाला. "खुर्ची तिची."

"मला म्हाईत हाय."

"पोलीस भरतीत नाव हाय तिचं. अठरा तारखेला मैदानी चाचणी. गुन्हा लागला तर सगळं संपलं." दादूचा आवाज फाटला. "तू म्हणशील तसं करीन. ह्या कोयत्यानं माझं बोट तोड म्हणालास, तरी तोडीन."

त्याने खरोखरच कोयता पुढे केला. मूठ चांगदेवच्या बाजूला होती.

"खाली ठेव," चांगदेव म्हणाला. "असलं काय बोलतोस."

"तू सरळ माणूस. तू दिलास तो निकाल खराच असणार. गाव काय पण बोलू दे. मीच पोरीला डोक्यावर चढवली."

दादू वाकून त्याच्या पायाला हात लावायला गेला. चांगदेव मागे सरकला, कुंपणात अडकला आणि मेंदीच्या काड्या पाठीला टोचल्या. अकरा वर्षांत हा माणूस त्याच्यापुढे कधी झुकला नव्हता. तो झुकावा असं चांगदेवला किती वेळा वाटलं होतं. आता तो आपले पाय आणखी मागे ओढत होता.

"पोरगी गेटवर हाय," दादू म्हणाला. "तुझ्याशी बोलायचं म्हणते. मला येऊ नको म्हणाली."

मृणाली रोपवाटिकेच्या शेडमध्ये आली. उंच, काटक, ओढणी डोक्यावरून घेतलेली. मैदानावर तिला नेहमी खेळाच्या कपड्यांत पाहिलेलं. अशी ती त्याला फार लहान वाटली. तिने त्याच्या टाक्यांकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"काका, मी ठाण्यावर जाऊन सांगणार हाय. जाणार हाय हे बाबांना अजून सांगितलं न्हाय."

"काय सांगणार?"

"खुर्ची मी मारली. आणि पाय लागला होता ते."

चांगदेव तिच्याकडे बघतच राहिला.

"गावातले सगळे बोलतात टाच आत होती. टाच आतच होती, काका. पण त्याच्या आधी, हूल देऊन वळताना, अंगठा रेषेवर पडला. चुन्याचा भुगा होता, पायाला कळतो. मला तेव्हाच कळलं." तिने नाक ओढलं. "कुणाला दिसलं न्हाय म्हणून मी खेळत राहिले. तुम्ही शिट्टी मारली तेव्हा वाटलं, ह्यांनी बघितलं. सगळे ओरडत होते आणि मला तुमचं तोंड बघवेना. म्हणून मारली."

शेडच्या पत्र्यावर ऊन तापून तडतडत होतं. चांगदेवने एक कुंडी उचलली, परत होती तिथेच ठेवली.

"अंगठा," तो म्हणाला.

"एवढ्या लोकांत तुम्हाला एकट्याला दिसलं. मी खोटं ठरवायला निघाले होते तुम्हाला."

आपल्याला अंगठा दिसलाच नव्हता, हे त्याला सांगायचं होतं.  पण ती त्याच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती, तसं प्रज्योतने त्याच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

"तू ठाण्यावर जायचं न्हाय," तो शेवटी म्हणाला. "खुर्चीचं मी बघतो. तू घरी जा."

हवालदार बरोबर तीनला आला. माणूस वयस्क होता, घाईत नव्हता. झाडाखालच्या बाकावर बसून त्याने कागद मांडीवर घेतले. दादू दहा पावलांवर जास्वंदीला पाणी देत होता, आणि सगुणा नि कमळ वाफ्यात खाली बघून खुरपत होत्या. तिघांचेही कान तिकडेच होते.

"खुर्ची कुणी मारली?"

"न्हाय दिसलं. पाठीमागनं आली."

"जखम तर पुढं आहे."

"मी वळत होतो."

हवालदाराने त्याच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. "बरं. आता निकालाचं. गावाचं म्हणणं, पंचांनी मुद्दाम चुकीचा निकाल दिला, म्हणून लोक भडकले. एका पोराचा डोळा गेलाय, वरून विचारणा होणार. तुमचं काय म्हणणं? पाय रेषेला लागला होता?"

"लागला होता."

हे खरं होतं. हवालदाराचं पेन कागदावरून सरकलं. दादूचे खांदे सैल पडलेले चांगदेवला इथूनही दिसले. एवढ्यावर उठलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या रविवारी कुठल्यातरी गावाने पुन्हा बोलावलं असतं, आणि तो सरळ माणूस म्हणून लोकांनी त्याला खुर्ची दिली असती.

हवालदाराने सवयीने शेवटचा प्रश्न विचारला, "तुम्ही स्वतः, तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत?"

चांगदेवने दादूकडे पाहिलं.

"न्हाय," तो म्हणाला. "मी बघितलं नव्हतं."

पेन थांबलं. हवालदाराने चष्मा वर सरकवला. "मग शिट्टी का मारली?"

वाफ्यातली खुरपी थांबली होती. दादूने हळूहळू मान वळवली. पाइपचं पाणी जास्वंदीच्या मुळाशी एकाच जागी पडून माती उकरत राहिलं.

"सांगतो," चांगदेव म्हणाला. "लिहून घ्या. शनिवारपासनं सांगावं लागंल."