गोडबाबांची कोरी पट्टी

बंद पडलेल्या थिएटरात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच मोडीत गेल्या होत्या, म्हणून माणसं जमिनीवरच दाटीवाटीनं बसली होती. म्हातारे, बाया, शाळामास्तर, बसचे ड्रायव्हर, सगळे एकजात साखरेचे पेशंट. आणि प्रत्येकाच्या हातात केकचा तुकडा, वर बोटभर क्रीम! मंचावर पांढऱ्या झब्ब्यातला एक गुबगुबीत माणूस टाळ्या पिटत ओरडत होता, "खा! भिऊ नका! डॉक्टरांनी तुम्हाला उपाशी मारलं, मी खाऊ घालून बरं करतो!"

हेच ते गोडबाबा.

त्यांचा खेळ असा. आल्या आल्या प्रत्येकानं थिएटरामागच्या संडासात जाऊन कपात लघवी आणायची. बाबांचे चेले त्यात एक निळसर कागदी पट्टी बुडवायचे. लघवीत साखर असली की पट्टी तपकिरी होते. तशी ती व्हायची, आणि बाबा ती उंच धरून दाखवायचे. मग केक, आणि केकवर पेलाभर आंबट पाणी. त्याला ते 'निर्मळ' म्हणायचे. मग लांबलचक प्रवचन, मध्येच आणखी एक पेला, आणि शेवटी पुन्हा तपासणी. आता पट्टी निळी ती निळीच! जराही रंग बदलायचा नाही.

"कोरी!" बाबा गरजायचे.

"कोरी!" सगळं थिएटर गरजायचं. बाया डोळे पुसायच्या, म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडायचे.

"साखर शरीरात नसते, बाळांनो. साखर मनात असते. मन कोरं केलंत की पट्टी कोरी!" हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण मी गप्प बसून होते, कारण पहिल्या रांगेत, बाबांच्या अगदी पायाशी, माझा सख्खा दादा बसला होता.

दादा आमच्या बेकरीचा उस्ताद. कारागीर त्याला उस्तादच म्हणतात. मी तिथं केकवर क्रीमची फुलं काढते. दादाच्या हाताखाली पाव असा फुगतो की बघत राहावं, पण बेकरीवाल्यांची एक खोड त्याच्यात पुरेपूर आहे. आमच्याकडे चाखणं म्हणजे खाणं नव्हे. क्रीमच्या भांड्यात बोट घाला, पाकाचा थेंब जिभेवर ठेवा, बिस्किटाचा कोपरा मोडून बघा, ते सगळं काम. खाणं म्हणजे ताटावर बसून खाल्लेलं तेवढंच. त्यामुळे साखर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोड किती खाता?" तर हा छातीवर हात ठेवून म्हणाला, "छे! गोड मी शिवतसुद्धा नाही." आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

डॉक्टरीणबाई पक्क्या. एक दिवस सकाळीच बेकरीत येऊन त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि नुसतं बघत राहिल्या. जाताना हसून म्हणाल्या, "उस्ताद, तुम्ही जेवायला बसण्याआधीच दोन माणसांचं जेवून उठता."

दादा ओशाळला. म्हणाला, "मग उद्यापासून सगळं बंद करतो."

"अजिबात नको. एकदम सोडलेलं एकदम परत येतं. आधी फक्त चहातली साखर अर्धी करा. जिभेला सवय झाली की चाखायचं काम तुमच्या या ताईकडे द्या. मग भात थोडा कमी, भाजी थोडी जास्त. मग जेवल्यावर एक फेरी. गोळ्या मात्र रोज. घाई नाही."

आणि खरंच जमत होतं हो! आधी चार दिवस तो चहा पिताना तोंड असं करायचा जणू कुणी एरंडेल पाजतंय, पण पुढे पुढे बाहेरचा चहाच त्याला जास्त गोड लागायला लागला. रक्तातली साखर हळूहळू उतरत होती. वहिनी खूश होती. एकच वाईट होतं, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. टाळ्या नाहीत, गर्दी नाही. थोडी कमी साखर, थोडं जास्त चालणं, हे कुणाला सांगून कौतुक होतंय?

तेवढ्यात गोडबाबा आले आणि दादा पहिल्याच सभेत कोरा झाला.

गोळ्या खिडकीतून बाहेर गेल्या. फेरी बंद झाली. क्रीमच्या भांड्यात बोट परत आलं. वर सभेला केक आपल्याच बेकरीतून, तेही भक्तीनं! मी बोलले की म्हणायचा, "पट्टी खोटं बोलते का गं?"

पट्टी काही बोलत नव्हती, पण बाकी सगळं बोलत होतं. दादा पाण्याची कळशीच्या कळशी संपवायचा आणि तरी जीभ कोरडी. विजार कमरेवर राहीना, तेव्हा त्यानं दोरी बांधली. बाबा म्हणाले, "रोग गळतोय." एक दिवस भट्टीतला तापलेला ट्रे त्याच्या पायावर घसरला, आणि हा बाजूच्या कारागिराशी बोलतच राहिला. मीच ओरडले, "दादा, पाय!" तर त्यानं खाली असं बघितलं जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा आहे. त्या दिवसापासून मला धड झोप लागली नाही. जखम भरायची सोडून रुंद होत गेली. मोजा काढला की घरभर वास यायचा आणि वहिनी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात जायची.

पुढच्या सभेला मी मुद्दाम त्याच्याबरोबर गेले. दुसऱ्या तपासणीच्या वेळी थिएटरामागच्या संडासाकडे वळले आणि दारातच थबकले. मुंग्या. भिंतीच्या फटीतून, गटाराच्या कडेनं, काळ्या रांगाच्या रांगा, आणि सगळ्या लघवी सांडलेल्या फरशीकडे निघालेल्या. आत सभागृहात लोक "कोरी! कोरी!" म्हणून नाचत होते. पट्टीला साखर दिसत नव्हती, पण मुंग्यांना दिसत होती. एवढी माणसं आत हसत होती, आणि त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं की आपलं काय होतंय.

मी परत येऊन निर्मळचा पेला उचलला आणि घोट घेतला. आंबट, पण लिंबाचा वास नाही, चिंचेचा गोडवा नाही. नुसता कोरडा, दात आंबवणारा आंबटपणा. ही चव मला माहीत होती! पाव नीट फुगावा म्हणून आम्ही मैद्यात चिमूटभर एक पांढरी पावडर घालतो, व्हिटॅमिन सी. एकदा बोटाला लागलेली मी चाटून बघितली होती. सगळ्या दुनियेचं चाखत फिरणारा माझा दादा हे पाणी पेल्यामागून पेले पीत होता आणि त्याला ओळख पटली नाही. श्रद्धा डोळे बांधते हे ऐकून होते, जीभही बांधते हे तेव्हा कळलं.

मी बेकरीतला डबा उचलून थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, कपाटातून तसल्याच पट्ट्या काढल्या, दोन ग्लासांत काहीतरी कालवलं आणि एकेकात पट्टी बुडवून रंग बघितला.

"लबाड माणूस," त्या एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "उस्तादांचा पाय कसा आहे?"

"अंगठा काळा पडलाय."

त्या उठल्याच. "आज हॉस्पिटलात न्यायला हवं. आजच."

पण दादा ऐकेल तर ना! "आज सभा आहे. बाबा स्वतः निर्मळनं पाय धुणार आहेत," म्हणाला. ताप चढलेला, डोळे लाल, दोघांनी धरून आणावं लागलं तरी गडी पहिल्या रांगेत! त्याला हात धरून ओढून नेता आलं असतं तर मी नेलं असतं. म्हणून डॉक्टरीणबाई आणि मी डबे, ग्लास घेऊन तिथेच पोचलो आणि सरळ मंचावर चढलो.

"या, या!" बाबा हसले. "उपाशी मारणाऱ्या बाईसुद्धा निर्मळ प्यायला आल्या!" थिएटर खदखदून हसलं.

"पिणार नाही, दाखवणार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पट्टी तुमचीच द्या."

"अविश्वासी हाताला पट्टी खरं सांगत नाही."

"मग विश्वासू हात घेऊ," मी म्हणाले. "दादा, तू ये. तुझ्याइतका विश्वास इथं कुणाचा आहे?"

बाबांचा चेहरा पहिल्यांदा जरा उतरला. पण दादाला अडवणार कसे? तोच तर त्यांचा लाडका नमुना. दादा लंगडत वर आला. मी बेकरीतली ग्लुकोज पावडर त्याच्या हातात दिली. लघवीतून जाते ती हीच साखर. ती त्यानं स्वतः पाण्यात ढवळली, पाणी दोन ग्लासांत ओतलं. पहिल्यात पट्टी बुडवली. बघता बघता तपकिरी झाली.

"आता दुसऱ्यात बाबांचं निर्मळ ओत."

त्यानं ओतलं, पट्टी बुडवली. सगळे माना उंचावून बघत होते. पट्टी निळी ती निळीच.

"कोरी!" मागून कुणीतरी सवयीनं ओरडलं, आणि लगेच जीभ चावली. कारण ग्लासात साखर होती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घातलेली.

"श्रद्धा नसलेल्या पाण्यात..." बाबांनी सुरुवात केली.

"बाबा, ग्लासाला मन नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तरी पट्टी कोरी आली."

मग मी बेकरीचा डबा उघडला. दादानं तिसरा ग्लास तसल्याच साखरपाण्यानं भरला, त्यात आमची पावडर चमचाभर घातली. पुन्हा कोरी. त्यानं बोट बुडवून चाखलं. मग निर्मळ चाखलं. मग पुन्हा आमचं. त्याचा चेहरा मी कधीही विसरणार नाही.

"ही तर आपली पावाची पावडर," तो हळू आवाजात म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी लोकांना समजावलं. पट्टीतली रसायनं साखर भेटली की रंग बदलतात. व्हिटॅमिन सी भरपूर प्यायलं की ते लघवीतून बाहेर पडतं आणि रंग तयार होऊ देत नाही. साखर आहे तिथेच असते, पट्टी फक्त आंधळी होते. "आणि तुम्ही गोळ्या सोडून केक खाताय. साखर डोळ्यांत जाते, किडनीत जाते, पायात जाते. खात्री करायची तर रक्त तपासा. आणि मागे जाऊन मुंग्या बघून या."

काही जण गेले. परत आले ते डोक्याला हात लावत. एक बाई केकचा तुकडा हातात धरून तशीच उभी राहिली, कुठे ठेवावा ते तिला कळेना. या गडबडीत बाबा आणि चेले मागच्या दारानं कधी पसार झाले, कुणाला कळलं नाही.

दादाला तिथूनच हॉस्पिटलात नेलं. सर्जन म्हणाले, अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागतील; अजून थोडं थांबला असतात तर पाय गेला असता. वहिनी भिंतीला टेकून रडली. दादानं कुणाकडे न बघता मान हलवली. "काढा," म्हणाला.

तो काठीच्या आधारानं चालायला लागला तोवर पलीकडच्या गावातून बातमी आली. तिथल्या एका गोदामात गर्दी जमतेय, नाव नवं, झब्बा भगवा, पाणी तेच. मी म्हटलं पोलिसांत जाऊ. "जाऊच," दादा म्हणाला, "पण आधी मला तिथं ने."

गोदाम भरलेलं होतं. हातात केक, तोंडावर क्रीम. बाबा नुकते रंगात आले होते. दादा काठी टेकत टेकत त्या माणसांमधून पुढे गेला, मंचाच्या पायरीवर बसला आणि बूट काढला. मग मोजा. मग जखमेवरचं बँडेज सोडायला लागला. पुढच्या बायांनी पोरांचे डोळे झाकले.

"मी बेकरीत काम करतो," तो म्हणाला. "माझी लघवीची पट्टी दर सभेला कोरी यायची. हा पाय बघा. मला कुणी उपाशी मारत नव्हतं, बाबांनो. थोडं थोडं बदला, एवढंच सांगत होते, आणि मी बरा होत होतो. मला ते फार हळू वाटलं."

बाबा काहीतरी ओरडत होते, पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे त्या पायाकडे बघत होते. एका म्हाताऱ्यानं हातातला पेला खाली ठेवला. मग त्याच्या शेजारच्यानं. सगळ्यांनी ठेवला असं मी म्हणणार नाही; काही जण मान फिरवून पीतच राहिले, आणि त्यांची आठवण मला अजून छळते.

तुमच्या गावात कुणी असा आला, की अमुक खा, तमुक प्या, एका दुपारीत बरे व्हा, तर त्याच्या पट्टीवर भाळू नका. चमत्कार बघायला गर्दी करण्याआधी दवाखान्यात जाऊन बोटातून थेंबभर रक्त काढून द्या. ताटातलं थोडं थोडं बदला, आणि कंटाळा आला तरी बदलत राहा. माझ्या भावाची बोटं परत येणार नाहीत. तुमची अजून जागेवर आहेत.