नेलपेंटची लाल रेघ

मी एक जुनी मोटरसायकल आहे आणि मी भित्री आहे. हसा, खुशाल हसा! डोंगरदऱ्यांत फिरण्यासाठी म्हणून मला घडवलं, उंच सीट दिली, लांब पाय दिले, आणि धीर तेवढा द्यायचा राहून गेला. कारखान्यातून ट्रकवर चढवलं तेव्हाच, आता पडते की मग पडते, असं मला झालं होतं.

पण मित्रांनो, मी कामचुकार नाही. गेली नऊ वर्षं मी एका नर्सताईला डोंगरावरच्या वस्त्यांवर नेते आहे. पुढे ताई, मागे लसींचा डबा. वस्तीतली मुलं माझा आवाज लांबूनच ओळखतात. "सुईवाली आली रे, पळा!" असं ओरडत ती घरामागे लपतात. त्यांचं नि माझं म्हणूनच चांगलं जमतं.

गेल्या वर्षी ओढ्याकडे उतरणाऱ्या वळणावर, खडीवर माझं पुढचं चाक सटकलं. माझे टायर मात्र डांबरी रस्त्यासाठी केलेले, त्यात झिजून गुळगुळीत झालेले. मी आडवी झाले आणि ताईचा पाय माझ्याखाली सापडला. तिची ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. दीड महिना तिचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि मी ताडपत्रीखाली. मला कुणी पुसलं नाही की सुरू करून पाहिलं नाही. ताईची आई जवळून जायची तेव्हा म्हणायची, "ही अवदसा घरात नको मला." मला राग आला नाही. खरंच होतं ते.

ताईचे बाबा गाड्या दुरुस्त करतात. घराला लागूनच त्यांचं गॅरेज आहे आणि आई त्यांच्या जोडीने काम करते. त्या दोघांची एक रीत आहे. बाबा पाना घेऊन नट कसत पुढे जातात आणि आई मागून नेलपेंटची लाल रेघ ओढत येते. अर्धी रेघ नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. रेघ आहे म्हणजे नट कसलेला आहे. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. तीस वर्षांत त्यांची रेघ कधी खोटी ठरली नव्हती.

ताईचं प्लास्टर निघालं आणि ती म्हणाली, "सोमवारपासून जाते मी वस्तीवर."

"त्या गाडीवर? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही," आई म्हणाली.

"मग चालत जाऊ का? पोचेपर्यंत दुपार होईल. लसी तापतील त्या."

 आई बाबांकडे वळून म्हणाली, "अहो, हिला असं काहीतरी करा की पडली तरी पोरीला खरचटणार नाही."

झालं! इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जाड नळ्यांचा क्रॅशगार्ड बसला. पोटाखाली दगड लागू नये म्हणून भक्कम पत्रा आला. हँडलला हँडगार्ड लागले. आणि टायर तर काय सांगू! जाड ठोकळ्यांचे, डांबरावर चालणारे नि मातीतही रुतून धरणारे. आईचं समाधानच होईना. "इथे अजून एक नळी बसेल का हो?"

"अगं, गाडी आहे ती, तिजोरी नव्हे," बाबा म्हणाले.

"तिजोरीत असतं त्याहून मोलाचं बसणार आहे तिच्यावर."

शेजारचा सुतार बघून म्हणाला, "हा तर रणगाडाच केलात की!" मी जरा फुशारले, खोटं कशाला बोलू?

आईच्या मनात सगळ्यात जास्त धास्ती पुढच्या चाकाची होती. बाबांनी ते नवा टायर चढवून बसवलं, आखाचा नट नुसता बोटांनी फिरवला आणि मोठा पाना आणायला ते आत गेले. आईला धीर धरवेना. "हे आधी. हे राहायला नको," असं पुटपुटत तिने त्या नटावर रेघ ओढून टाकली. बाबा आतून आले ते एका गिऱ्हाइकाशी बोलतच. त्यांनी रेघ पाहिली. रेघ आहे म्हणजे कसलेला आहे. ते हँडगार्डकडे वळले.

मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. ओरडावं तर मला आवाज फक्त हॉर्नचा, आणि तो दुसऱ्याने दाबायचा!

सोमवारी सकाळी ताईने माझ्याभोवती फिरून एकेक रेघ पाहिली. "सगळं ठीक," ती म्हणाली आणि निघाली. डांबर होतं तोवर काही कळलं नाही. दगडगोटे सुरू झाले आणि नट सैल होऊ लागला. आधी पाव फेरा, मग अर्धा. ब्रेक लागला की पुढे टक्‌ व्हायचं. पडू नकोस, पडू नकोस, असं मी त्या नटाला विनवत होते. नवे टायर इतके छान धरत होते की ताईला वाटलं असेल, आवाज त्यांचाच आहे.

मग ते वळण आलं.  आणि ताई थांबली. काही कळलं म्हणून नव्हे, भीती वाटली म्हणून. "नको बाई, इथे चालतच नेते," असं म्हणून ती खाली उतरली. खाली उतरली म्हणून वाकली, वाकली म्हणून तिला रेघ दिसली. अर्धी वर माझ्या पुढच्या पायाच्या लोखंडावर, अर्धी फिरून पार खाली गेलेली. तिने बोट लावलं. नट बोटानेच फिरला.

तिने तिथूनच बाबांना फोन लावला.

बाबा सुताराच्या गाडीवरून आले. त्यांनी पाना लावला, तो दोनदा निसटला, तेव्हा कुठे नट घट्ट बसला. "बाबा, रेघ तर होती," ताई म्हणाली. बाबांनी त्या रेघेकडे पाहिलं. त्यांना उमगलं, ते मला दिसलं.

"माझाच पाना लावायचा राहिला, पोरी," ते एवढंच बोलले. ताई लसी घेऊन वर गेली आणि ते वस्तीपर्यंत मागोमाग आले.

घरीही त्यांनी तेच सांगितलं.  दुसऱ्या दिवशी आई नेलपेंटची बाटली मुठीत धरून माझ्यापाशी आली. "अहो, ती रेघ मी आधीच ओढली होती."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"रेघ बघून पाना खाली ठेवणारा मीच ना?"

आई माझ्या सीटवर डोकं टेकून रडली. त्या अवदसेच्या सीटवर!

मित्रांनो, तुमच्या गाडीला गार्ड लावा, चांगले टायर लावा. पण खूण दिसली म्हणून काम झालं असं समजू नका, हात लावून बघा. मी आजही त्या वळणावर भिते, आणि ताईसुद्धा. आई आता रोज सकाळी आधी माझ्या नटावर स्वतः पाना लावून बघते, मग रेघ बघते, आणि मगच पोरीला म्हणते, "जा."