जम्मीच्या झाडावरची बारावी चिठ्ठी

माहितीची सुरक्षा सांभाळणाऱ्या हैमवतीच्या परवानगीशिवाय त्या ऑफिसात मुंगीसुद्धा शिरत नसे. बाहेरच्या दाराला अंगठा, सर्व्हरच्या खोलीला दोन अंगठे, जिन्यापर्यंत कॅमेरे, आणि फोन दाराशीच कप्प्यात. लोकांच्या मुलाखती घेऊन अहवाल करून देणारी ही जीडिमेट्ला या कारखान्यांच्या भागातली चाळीस माणसांची कंपनी. मुलाखत एका यंत्रात, देणाऱ्याचं नाव दुसऱ्यात, आणि दोन्हींची गाठ घालणारी यादी तिसरीकडे कुलपात. "हिच्या घरी मीठसुद्धा पासवर्ड घातल्याशिवाय मिळत नसेल," असं पोरं मागून म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, त्याचा थोडा अभिमानही होता.

सध्याचं काम नाजूक होतं. जवळच्याच गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला बसणाऱ्या बारा बायकांनी सुपरवायझरविरुद्ध तोंड उघडलं होतं. तो कुणाला कुठे बोलावतो, नाही म्हटलं की कुणाची पाळी कशी बदलते, सगळं. आधी एकही बोलायला तयार नव्हती. हैमवती स्वतः त्यांच्या वस्तीत गेली, चटईवर बसली आणि म्हणाली, "तुमचं नाव आमच्या भिंतीबाहेर जाणार नाही, हा माझा शब्द." मग त्या बोलल्या.

दसऱ्याला ऑफिसात यंत्रांची पूजा होती. त्याआधी घाईघाईने तिने मॅनेजरसोबत कुलूप उघडून त्या बारा जणींची यादी एका कागदावर छापून ताळा पाहिला. नाव, फोन, खातं, मुलाखतीची तारीख. ताळा जुळला. कागद फाडायच्या यंत्राशी गेली, तर यंत्राला हळदकुंकू लागलेलं आणि वर झेंडूची माळ.

"आज नाही, अम्मा," अंजय्या म्हणाला. इमारतीची देखभाल गेली एकोणीस वर्षं त्याच्याकडे होती. "पूजा झाली, आता याला उद्यापर्यंत विश्रांती. चालवलंत तर देवी काय म्हणेल?"

देवीपुढे हैमवतीचे नियम जरा नरमत. तिकडे पुजारी पंतुलुगारू आरतीला हाका मारत होते. तिने कागद शेजारच्या, फाडायच्या कागदांच्या लाल डब्यात टाकला आणि गेली. कपाटात ठेवून किल्ली फिरवायला किती वेळ लागला असता? पण नाही ठेवला.

दुपारनंतर थांबलेले अकरा जण मारुतीच्या देवळामागच्या जम्मीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाशी गेले. चिठ्ठीवर शमीचा श्लोक लिहायचा, खाली घरच्यांची नावं, आणि चिठ्ठी फांदीला बांधायची. पापं तिथेच राहतात म्हणे. सगळी वस्ती लोटली होती, त्याच कारखान्याचे निळ्या शर्टातले लोकही होते. अंजय्याने ऑफिसच्या माणसांना चिठ्ठ्या वाटल्या. हैमवतीने नवऱ्याचं, मुलीचं नाव लिहिलं, बांधलं, हात जोडले. डोळे उघडले तेव्हा तिची चिठ्ठी वाऱ्याने उलटली होती. मागे छापलेलं होतं: पॅकिंग, दुसरी पाळी. त्याआधी नाव, फोन.



"अंजय्या, हा कागद कुठला?"

"लाल डब्यातला. एक बाजू कोरी होती, वाया कशाला घालवायचा? दर दसऱ्याला तिथूनच घेतो." तो खुशीत होता. "बघा कशा ओळीओळीने कापल्यात, बरोबर बारा."

हैमवती चपला काढून पारावर चढली आणि चिठ्ठ्या उपटायला लागली. फांदीवर शेकड्यांनी चिठ्ठ्या. प्रत्येक उलटून बघायची, मागची बाजू कोरी असली की परत बांधायची.

"अहो बाई, दुसऱ्याची चिठ्ठी काढता? पाप लागेल," एक म्हातारी ओरडली.

"लागू दे, अव्वा."

"ऑफिसात तपासतात ते पुरलं नाही, आता देवाची झडती," आपल्याच पोरांपैकी कुणीतरी हसलं. मग तिचा चेहरा पाहून तेही शोधायला लागलं.

अंधार पडेतो अकरा मिळाल्या. बारावी मिळाली नाही. शेवटची उरलेली चिठ्ठी अंजय्याने शेजारी उभ्या असलेल्या एका निळ्या शर्टवाल्याला दिली होती. त्याच्याकडे कागद नव्हता, सणाच्या दिवशी नाही कसं म्हणायचं?

बारा नावं तिने मुद्दाम पाठ केली नव्हती; बारावी बाई कोण, हे पाहायला कुलपातली यादी उघडायला हवी होती, आणि तिला दुसरा अंगठा मॅनेजर वेणुमाधवचा. तिने तिथूनच त्याला फोन लावला.

"एका चिठ्ठीपायी?" तो म्हणाला. "हैमवतीगारू, यादी पुन्हा उघडली की नोंद लागते. उद्या काम देणारे दिल्लीवाले विचारतील का उघडली. काम जाईल. चाळीस घरं चालतात त्यावर."

"आणि ती बाई?"

"झाडावरच्या चिठ्ठ्या वाचतं कोण? त्याने श्लोक लिहून बांधली असेल वरच्या फांदीला. सकाळी बघू. सण आहे, जेवा."

तिने भांडायला हवं होतं. त्याच्या दारात जाऊन बसायला हवं होतं. ती घरी गेली. ताटातल्या मटणाला तिने हात लावला नाही, एवढंच.

सकाळी दहाला वेणुमाधवने कपाळाला आठ्या घालून अंगठा टेकवला. बारावं नाव कनकव्वा. तिने लगेच फोन लावला.

"कनकव्वा, मी हैमवती. वस्तीत आले होते बघ."

"ओळखलं की, अम्मा. आणखी काही राहिलं का?"

"आणखी म्हणजे?"

"सकाळी आठला तुमच्या साहेबांचा फोन आला होता ना. टेप बिघडली म्हणाले, पुन्हा सांगा. मी आधी नाहीच म्हटलं. पण मुलाखतीची तारीख बरोबर सांगितली त्यांनी. म्हटलं, तुमच्या भिंतीआडची गोष्ट यांना ठाऊक आहे, म्हणजे तुमचंच माणूस. सगळं सांगितलं मी. बाकीच्या अकरा जणी कोण, तेही त्यांनी विचारलं. तेही सांगितलं."

हैमवती खुर्चीत बसली. वेणुमाधव तिच्या तोंडाकडे बघत होता.

"अम्मा, चुकलं का काही माझं?"

"तुझं नाही," हैमवती म्हणाली. पलीकडे कनकव्वा पुढचं ऐकायची वाट बघत होती. तिच्या मागून कारखान्याच्या पाळीचा भोंगा ऐकू येत होता.