आखूड बाजू जमिनीवर

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गुण्या आहे आणि खरं सांगू का, आता दमलोय. सुताराच्या भिंतीवर खिळ्याला टांगून चाळीस वर्षं झाली, पण 'जरा टेक' म्हणणारं कुणी भेटलं नाही.

सुताराच्या वडिलांनी मला घडवलं. एक कोन काटकोन, दुसरा तीस अंशांचा, तिसरा साठचा. आखूड बाजू एक वीत, तिरपी बरोबर दोन विती, उरलेली पावणेदोनला जरा कमी. कोनांचे आकडे शाईने लिहिले होते. धूळ आणि ओल खाऊन ते कधीच पुसले.

शेजारच्या खिळ्यावर माझा भाऊ असायचा. त्याचे दोन कोन पंचेचाळीसचे, काटकोनाच्या दोन्ही बाजू सारख्या. कसाही धरा, चुकायची सोयच नाही. त्यामुळे काम त्याला, कौतुक त्याचं आणि मी आपला धूळ खात. गेल्या वर्षी तो पायाखाली येऊन मोडला आणि सगळं माझ्या गळ्यात पडलं.

गेल्या आठवड्यात पोटमाळ्याची शिडी मोडली. सुताराची मोठी बहीण दुसऱ्या पायरीवरून पडली. तिचं अंथरूण, तिची शिलाई मशीन, सगळं वर. चार दिवस ती खाली भुशाशेजारी झोपत होती आणि उठता-बसता ऐकवत होती, "जगाला जिने करून देतोस, बहिणीच्या नशिबी मात्र भुसा!"

पोटमाळा पावणेआठ फूट उंच. समोर दार, म्हणून शिडीला जमिनीवर पाच फुटांचीच जागा. शिडी साठ अंशांत उभी करायचं ठरलं. चांगल्या फळ्या दोनच उरल्या होत्या, नऊ-नऊ फुटांच्या.

सुताराने मला फळीच्या टोकाला लावलं, रेघ ओढली आणि करवत उचलली. त्याने मला उलटं धरलं होतं! भावाला कसंही धरायची सवय, त्यात नजर अधू. तो काप पडला असता तर फळी वाया आणि बहीण भुशातच. मी ओरडणार तरी कसा?

"बाबा, थांबा!" दहावीतली त्याची मुलगी म्हणाली. "गुण्या उलटा लागलाय."

"मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं करवत चालवतोय मी."

"बरं, मग सांगा. तिसाच्या समोरची बाजू तिरप्या बाजूच्या निम्मी असते. ती जमिनीवर यायला हवी. तुमच्या रेघेने ती उभी येते. पावणेआठाची दुप्पट साडेपंधरा. एवढी फळी आहे आपल्याकडे?"

सुताराने करवत खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "किती लागेल गं?"

"उंचीला तीनच्या वर्गमुळाने भागायचं. जमिनीवर साडेचार फुटांना जरा कमी. त्याची दुप्पट शिडी, नऊला जरा कमी. पुरतंय बाबा, जेमतेम."

त्याने रेघ खोडली आणि मला तिच्या हातात दिलं. "तूच धर. मला आता नीट दिसत नाही." हे तो पहिल्यांदाच कबूल करत होता. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी बहीण एकेक पायरी दाबून बघत वर गेली. "उशीर केलास, पण डुगडुगत नाही हो," म्हणाली. थोड्या वेळाने वरून मशीनचा आवाज सुरू झाला.

मुलीने मला पुसलं आणि आकडे पुन्हा लिहिले, बापाला दिसतील एवढे मोठे. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाची नजर अधू झाली असेल. त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका, आकडे मोठे लिहा. दुसऱ्या दिवशी सुताराने मला खिळ्यावरून काढलं, डोळ्यांजवळ नेलं आणि सुलटं धरलं.