खोबऱ्याच्या वासाची वाइन

"काय म्हणतंय तुझं नाक?" काउंटरवर कोपर टेकवून फिनबारनं विचारलं.

सुमेधानं ग्लास फिरवला, नाकाशी धरला, डोळे मिटले. कसलाच वास आला नाही. तिनं उगीचच थोडा वेळ लावला.

"ग्रँड," ती म्हणाली. "चेरी, थोडी तंबाखू, मागून सुकं खोबरं."

तिनं बाटलीला बूच लावून दिलं. फिनबार खुशीत घरी गेला. सुमेधाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ल्यूकनच्या या वाइनच्या दुकानात ती अकरा वर्षं होती. नवऱ्याच्या, विनयच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे पुण्याहून आलेली. स्वतः थेंबही प्यायची नाही, विकायची मात्र झकास. सगळी मदार नाकावर. माहेरी गोडा मसाला घरचा असायचा, आणि खोबरं जरा जास्त भाजलं गेलं तर तिला अंगणातून कळायचं. इथे आल्यावर स्पेनच्या रिओखा वाइनची बाटली हुंगून ती "सुकं खोबरं" म्हणाली, तेव्हा सगळे पोट धरून हसले. पुढे तिकडचा एक वाइनवाला आला. त्यानं सांगितलं की ही तेंप्रानियो जातीची द्राक्षं, वाइन वर्ष-वर्ष अमेरिकन ओकच्या पिंपात मुरते, आणि त्या लाकडाचाच हा वास. त्यानंतर कुणी हसलं नाही. देशी गिऱ्हाइकांना ती बजावायची, "मटणाबरोबर घ्या, पण तिखट बेतानं. नाहीतर तोंड भाजेल आणि शिव्या मला द्याल."

तीन आठवड्यांपूर्वी ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. रोज सकाळी ती खोबऱ्याचा तुकडा तव्यावर धरून बघायची.

"अगं, येईल परत. डॉक्टर म्हणालेत ना, सहा महिनेही लागतात," विनय म्हणायचा.

"आणि तोवर दुकानात काय करू?"

"तोवर लेबलं वाच."

त्यानं थट्टेत म्हटलं होतं, पण ती तेच करत होती. नोकरी जाईल या भीतीनं दुकानात कुणाला बोलली नव्हती.

फिनबारची गोष्ट वेगळी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा निवृत्त बस ड्रायव्हर दरवर्षी बायकोच्या, ब्रायडीच्या, स्मृतिदिनाला मुलांना जेवायला बोलवायचा. भाजलेलं कोकरू, आणि दोघं स्पेनला गेले असताना ब्रायडीला आवडलेली हीच रिओखा. पाइप ओढून ओढून त्याचं नाक कामातून गेलेलं. एकदा बाटली खराब निघाली, मुलांनी मुकाट्यानं गिळली, आणि त्याला वर्षभरानं कळलं. तेव्हापासून बाटली सुमेधानं हुंगल्याशिवाय तो घरी नेत नसे.

शनिवारी तो परत आला. तळाशी बोटभर वाइन उरलेली बाटली त्यानं काउंटरवर ठेवली.

"माझी मुलगी ईफा म्हणाली, ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय, बाटली खराब आहे. सगळ्यांनी ग्लास सारून ठेवले. मी म्हटलं, सुमेधानं हुंगलीय. चांगलंच वाजलं आमचं. पोरगी जेवण टाकून ॲथलोनला आपल्या घरी निघून गेली. मग मी एकट्यानं प्यायलो."

सुमेधानं बाटली बाजूला सारली.

"फिनबार, ईफाचं बरोबर होतं. मला हल्ली वासच येत नाही. त्या दिवशीही आला नव्हता. मी खोटं बोलले."

हसून फिनबारनं तिचा हात थोपटला.

"मी ईफाला फोन करावा म्हणून दोष स्वतःवर घेतेस ना? तुझा स्वभावच तसा."

"नाही हो, खरंच सांगतेय. तिला फोन करा, पण हे खरं आहे."

"पुढच्या वर्षीची आत्ताच बाजूला ठेव," तो दाराकडे वळत म्हणाला. "आणि हुंगायची तूच."

दार लागलं. सुमेधानं उरलेली वाइन ग्लासात ओतली आणि हुंगली. काही नाही. मग आयुष्यात पहिल्यांदाच तिनं घोट घेतला. आंबट लागलं, हिरड्या तुरट झाल्या. खोबरं नव्हतं, पुठ्ठाही नव्हता.

तिनं ग्लास धुऊन ठेवला. फळीवरून तीच रिओखा काढली, फिनबारचं नाव लिहिलेली चिठ्ठी बाटलीला चिकटवली आणि ती बाटली मागच्या कपाटात नेऊन ठेवली.