आईवर गेलेला

थोरलीने दोन कपांत चहा गाळला, चोथा खिडकीतल्या कुंडीत उपडा केला आणि धाकट्याच्या शर्टाचे लोंबणारे बटण शिवायला घेतले. शर्ट त्याच्या अंगातच होता. रोज कामावर निघायच्या घाईत त्याचे असे काहीतरी निघायचेच, आणि केस पांढरे होऊ लागलेला तो माणूस शाळकरी पोरासारखा हनुवटी वर करून तिच्यापुढे उभा राहायचा.

"हलू नकोस. सुई लागेल."

"लागू दे. तेवढीच रक्ताची तपासणी फुकटात."

तिने दाताने दोरा तोडला. त्याने चहा उभ्यानेच संपवला आणि चपलेत पाय घालता घालता, जणू आत्ताच आठवल्यासारखे म्हणाला, "फोटोवाल्याचा फोन आला होता. आईचा फोटो तयार आहे म्हणतो. पण आईला ज्यांनी पाहिलंय त्यांनी एकदा नजरेखालून घालावा, मगच छापतो. तू जाऊन ये ना. मी जेवणाच्या सुट्टीत तिकडेच येतो."

"तू पाहिलास?"

"नाही. तुझ्याआधी नाही बघायचा, असं ठरवलंय."

तो जिना उतरून गेला तरी ती सुई हातात धरून तशीच उभी होती.

वडील गेल्यावर घरातल्या वस्तू आवरताना धाकट्याने तो फोटो भिंतीवरून उतरवला होता. आई खुर्चीत, मांडीवर वर्षाचा धाकटा, शेजारी खांदे पाडून उभी असलेली थोरली. आईचा तेवढाच फोटो. भिंतीच्या ओलीने तो काचेला चिकटला होता. काच पुसावी म्हणून धाकट्याने ती हलकेच उचलली, आणि आईचा चेहरा काचेबरोबर निघून आला. कागदावर एक कान, केसांची कड आणि पांढरट खपली राहिली. काचेला चिकटलेला पापुद्रा त्याने बोट लावताच भुगा झाला. तो कितीतरी वेळ ती काच उजेडात धरून बसला होता.

त्याच सुमारास भेटायला आलेले लांबचे एक काका बोलता बोलता म्हणून गेले, "हा कुणावर गेलाय, काही कळत नाही बुवा."

"आईवर," धाकटा म्हणाला होता. त्याच्या आवाजात शंका नव्हती. तो पाच वर्षांचा असताना आई गेली. तिचा चेहरा त्याला आठवत नव्हता. पण थोरली त्याला लहानपणापासून हेच सांगत आली होती. पडून गुडघा फुटला की, ताप आला की, कुणी काही बोलले की ती त्याला जवळ घेऊन म्हणायची, तू अगदी आईवर गेलास.

फोटोवाल्याचे दुकान अरुंद होते. दारात झेरॉक्सचे यंत्र, आत ओळखपत्राच्या फोटोंसाठी पांढरा पडदा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. फोटोवाला तिच्या भावाहून लहान, बोलका माणूस होता.

"या काकू. बसा. आधी बघा, मग बोला."

त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. खुर्ची तीच, लुगडे तेच. आणि त्यावर एक बाई तिच्याकडे पाहत होती. रुंद कपाळ, मोठे डोळे, एका बाजूने जरा अधिक वर उचललेली भुवई. चेहरा इतका स्वच्छ होता की पापण्या मोजता याव्यात.

थोरलीने मांडीवरच्या पिशवीचे बंद मुठीत आवळले.

या बाईला ती ओळखत होती. जुन्या बिऱ्हाडी ती समोरच्या खोलीत राहायची. थोरलीच्या वेण्या घालायची, आणि वेणी ओढली गेली की अशीच भुवई उचलून हसायची. एका सकाळी तिने काही महिन्यांचे आपले मूल आईच्या हातात दिले, अर्धा तास बघा म्हणाली आणि गेली. ती परत आली नाही. आईवडिलांनी मूल ठेवून घेतले, गाव बदलले, आणि त्यावर पुन्हा कुणी बोलले नाही. पुढे इस्पितळात अखेरच्या दिवसांत आई थोरलीला एवढेच म्हणाली होती, "त्याला परकं वाटू देऊ नकोस."

"का हो काकू, नाही जमलं?"

"हा चेहरा कुठून आणला तुम्ही?"

"खरं सांगू? मूळ फोटोत चेहराच नव्हता. कान होता फक्त. यंत्राला काही आठवत नसतं, ते आपलं ठोकून देतं. आणि देतं ते इतक्या खात्रीनं की आपणच गप्प बसावं. पहिल्यांदा केलं तर भलतीच कुणी बाई आली. दुसऱ्यांदा केलं तर आणखी वेगळी. मग तुमच्या भावाचा फोटो जोडला. ते म्हणाले होते ना, मी आईवर गेलोय, अगदी डिट्टो. त्यांचे नाक-डोळे घेऊन केल्यावर कसं सगळं बसलं." तो जरा थांबला. "पण अंदाज तो अंदाज. पाहिलंय तुम्ही. काय चुकलंय ते सांगा, बदलून देतो."

"कपाळ एवढं नव्हतं," थोरली म्हणाली.

कपाळ लहान झाले.

"डोळे आत. अजून आत. नाक बसकं होतं. गालांवर देवीचे व्रण होते."

फोटोवाल्याने व्रण उमटवले. यंत्राने चेहरा पुन्हा घडवला आणि ते पुसून टाकले.

"कागद खराब झालाय, असं वाटतं त्याला," तो ओशाळून म्हणाला. "डाग दिसला की साफ करायचा, एवढंच शिकवलंय मेल्याला."

"तो डाग नव्हता."

"कळलं. आता हातानंच करतो."

पुढच्या एका दातापाशीही असेच झाले. आईचा तो दात ओठ मिटला तरी दिसायचा. यंत्र दर वेळी तो ओळीत बसवून मोकळे होत होते. मग फोटोवाल्याने यंत्राचे ते आपोआप घडवणे बंद केले आणि थोरली सांगेल तसे बारीक बारीक काम करत राहिला. मधे दोन गिऱ्हाइके आली. त्याने त्यांना नंतर यायला सांगितले. हनुवटी अरुंद झाली. गाल उतरले. थोरली बोलत होती, आणि बोलता बोलता तिचे तिलाच नवल वाटत होते. ओठाखालची ती घडी आपल्या अजून ध्यानात आहे, हे तिला कुठे ठाऊक होते?

एका क्षणी तिची वाकलेली पाठ आपोआप ताठ झाली. पोक काढून बसलीस का, असे आई न बोलता नुसत्या नजरेने म्हणायची. ती नजर समोर होती.

"थांबा," ती म्हणाली. "आता हात लावू नका."

फोटोवाल्याने हात मागे घेतला. त्याने पडद्याच्या कोपऱ्यातला धाकट्याचा फोटो पाहिला, मग आईचा चेहरा, मग शेजारी बसलेल्या थोरलीकडे तो पाहतच राहिला.

"काकू, रागावू नका. भावाचं यात काहीच नाही राहिलं आता. आईवर तर तुम्ही गेलात. हुबेहूब."

हे तिला आजवर कुणी म्हटले नव्हते. म्हणणारे कुणी नव्हतेच. आईवर जाणे तिने केव्हाच धाकट्याला देऊन टाकले होते. तिने बोटाने स्वतःचा गाल चाचपला.

फोन वाजला. धाकट्याच्या मागे रस्त्यावरचा गोंगाट ऐकू येत होता.

"निघालोय गं. पाहिलीस?"

"पाहिली."

"माझ्यासारखी आहे ना? खरं सांग हं, उगाच गोड बोलू नकोस. त्या काकांनी डोक्यात किडा सोडल्यापासून रोज आरशात बघतोय. म्हटलं, या लोकांनी मला रस्त्यावरनं उचलून तर नाही आणलं?" आणि तो हसला.

घरोघरी पोरांना चिडवायला हेच म्हणतात. त्यांच्या घरात मात्र हा विनोद कुणी कधीच केला नव्हता. आज पहिल्यांदाच तो झाला, आणि हसता हसता धाकटा उत्तरासाठी थांबला आहे, हे थोरलीला कळले.

"ये तू," ती म्हणाली. "आलास की बघशीलच."

फोन पिशवीत ठेवून ती पडद्याकडे पाहत राहिली. व्रण होते. दात होता. आई तिला पाहत होती.

"पहिला होता तसा करा."

"कुठला पहिला?"

"तुम्ही केलेला. भावाच्या फोटोवरनं."

फोटोवाला तिच्याकडे वळला. "अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, त्या अशा नव्हत्या म्हणून?"

"मी चुकले. पुष्कळ वर्षं झाली त्याला."

त्याला ते पटले नाही हे दिसत होते. तरी त्याने पहिला चेहरा काढून छापायला लावला. समोरच्या खोलीतली बाई भुवई उचलून हळूहळू कागदावर उतरू लागली.

"आणि ही? ठेवून देतो बाजूला. पुन्हा इतकी नाही जमायची, काकू."

"नको. त्याच्या नजरेला पडेल कधीतरी."

"माझ्याच्यानं नाही पुसवणार. तुम्हीच दाबा."

"कुठे?"

त्याने जागा दाखवली. खरेच पुसायचे का, असे यंत्राने विचारले. तिने चष्मा वर करून तो प्रश्न नीट वाचला, चष्मा खाली केला आणि थोडा वेळ नुसतीच पाहत राहिली. मग दाबले.

"आणि मी कुणासारखी दिसते," ती हळू आवाजात म्हणाली, "ते त्याच्यासमोर काढू नका."

फोटोवाल्याने मान हलवली. बाहेर पायरीवर धाकट्याच्या चपला वाजल्या. थोरली उठली, आणि त्याला निवांत बसून बघता यावे म्हणून तिने आपले स्टूल पडद्यासमोर सरकवून ठेवले.